सात आणि दोन दांड्या

पेंटरच्या खोलीत भिंतीला टेकवून एकेचाळीस पाट्या उभ्या होत्या. मी त्या दोनदा मोजल्या. शहरात बसमार्ग सव्वीस. अकराच्या पाट्या तीन होत्या, सतराच्या दोन, तेराची एकही नव्हती. सत्तावीसपासून एकोणचाळीसपर्यंतचे आकडे गायब, पण चाळीस मात्र दिमाखात उभा होता.

"बशीरचाचा, हे नंबर कोण ठरवतं?" मी विचारलं.

"ठरवतं म्हणजे?" ब्रश रॉकेलात बुडवत ते म्हणाले. "मी रंगवतो."

"ते कळलं. पण तेरा कुठे गेला?"

"तेराला पहिल्याच दिवशी म्हैस आडवी आली. तेव्हाचे साहेब म्हणाले, चौदा लावा. चौदाची गाडी आधीच होती. मग तिला पंधरा केलं, पंधराला सोळा, सोळाला सतरा. सतरापाशी माझा रंग संपला. म्हणून सतरा दोन आहेत."

"आणि चाळीस?"

"ती गाडी दुसऱ्या शहरातून जुनी घेतली. तिच्यावर चाळीस आधीच होतं." त्यांनी ती पाटी उचलून माझ्यासमोर धरली. "हे शून्य बघा म्याडम. असं शून्य मला आजपर्यंत जमलं नाही. पुसायला जीव होईना."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. गणितात एम.एस्सी. झाले होते आणि शहराच्या परिवहन विभागात सहा महिन्यांच्या करारावर लागले होते. वाहतूक अधिकारी धारवाडकर साहेब मुलाखतीत म्हणाले होते, "तांबटबाई, तुम्ही गणिताच्या. आमच्या नंबरांना जरा डोकं द्या." साहेब किडकिडीत, नाकावर सतत घसरणारा चष्मा, आणि सही करण्याआधी कागद उलटा करून मागची बाजूही वाचणारे.

मी डोकं दिलं. आमच्या मंडईतून नऊ मोठे रस्ते नऊ दिशांना जातात, त्यांना एक ते नऊ नंबर. बाकीच्या गाड्या या नऊ रस्त्यांनी थोडं जाऊन कुठे ना कुठे वळतात. जी पाव वाटेवर वळते तिला पाव जास्त, जी अर्ध्यावर वळते तिला अर्धा, जी पाऊण वाटेवर वळते तिला पाऊण. म्हणजे नंबर वाचला की गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार आणि कुठे वळणार ते कळायलाच हवं. मला ही योजना इतकी सुंदर वाटली, की मी ती आईलाही समजावून सांगितली. आई म्हणाली, "छान आहे, पण स्टेशनला जाणारी कुठली?"

परिवहन समितीनं योजना एकमतानं मंजूर केली. टंकलेखन यंत्रावर मराठी अपूर्णांक नव्हते, म्हणून मी कागदावर दशांश चिन्ह वापरलं होतं. १.५, ३.५, ४.२५ असे आकडे. साहेबांनी ते वाचले, अकरा सदस्यांनी वाचले. मोठ्यानं कुणीच वाचले नाहीत.

त्याच सभेत सत्ताविसावा मार्ग मंजूर झाला. सात नंबरच्या रस्त्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, तिथे बरोबर अर्ध्यावर डावीकडे वळायचं आणि तीन किलोमीटरचा चढ चढून दगडखाणीमागच्या खाणवस्तीला पोहोचायचं. हा मार्ग मागितला होता द्वारकाबाई साबळे या बाईनं. दर सोमवारी ती साहेबांच्या दारात येऊन बसे. अर्ज देत नसे, बसे. चार वर्षं बसली. शेवटी साहेब म्हणाले, तिला बसायला गाडीतच जागा द्या.

मार्ग तीन महिन्यांच्या चाचणीवर होता. शेवटच्या पंधरवड्यात भारमान, म्हणजे शंभर जागांमागे किती भरल्या ते प्रमाण, पंचेचाळीसच्या खाली गेलं, की गाडी बंद.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मंडईत सजून उभी राहिली. द्वारकाबाई नारळ घेऊन आली होती. साठीची, ठेंगणी, हिरव्या लुगड्याची बाई. गुडघ्यांमुळे बदकासारखी डुलत चालायची. वीस-पंचवीस प्रवासी चढायच्या तयारीत होते. बशीरचाचांनी मराठीत पाट्या रंगवायच्या नियमानुसार, आणि त्यांच्या लहानपणच्या शाळेच्या पद्धतीनुसार, साडेसाताचा आकडा असा काढला होता: ७॥. सात आणि दोन उभ्या दांड्या.

कंडक्टर वाघमोडे पायरीवर उभा राहिला, पाटीकडे बघितलं आणि घसा मोकळा करून ओरडला, "चला, खाणवस्ती, खाणवस्ती! साडेसाऽऽत! साडेसाऽऽत!"

मंडईतल्या माना एकदम पाटीकडे वळल्या.

धोतर नेसलेल्या एका आजोबांचा उजवा पाय पायरीवर होता. तो त्यांनी उचलला आणि खाली ठेवला. त्यांच्या मागच्या बाईनं मुलाला कडेवर घेतलं. कुणीतरी म्हणालं, "कुठली गाडी म्हणाला?" दुसरा म्हणाला, "साडेसाती." तिसरा म्हणाला, "तिकीट काढून?"

द्वारकाबाईचा नारळ हातातच राहिला.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब पाटीकडे बघत होते. त्यांचा चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"तांबटबाई," ते हळूच म्हणाले, "हे तुम्हाला कागदावर दिसलं नाही?"

"कागदावर सात पॉइंट पाच होतं, सर."

"मलाही तेच दिसलं," साहेब म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

गाडी सुटली. आत वाघमोडे, ड्रायव्हर आणि द्वारकाबाई. टाकीच्या वळणावर टायर बसला. ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली, आणि संध्याकाळपर्यंत टायर एकाचे तीन झाले होते.

बाकीचे नंबरही गाजले, पण वेगळ्या तऱ्हेनं. कॉलेजच्या गाडीला दीड नंबर मिळाला, तेव्हापासून पोरं तिला दीडशहाणी म्हणायला लागली. प्राध्यापकांनी निषेधाचं पत्र पाठवलं आणि पोरांनी अभिनंदनाचं. सराफ आळीची साडेतीन मुहूर्ताची गाडी म्हणून नावाजली, तिच्यात लोक नवे कपडे घालून बसत. एका पोरानं ७॥ ही पाटी सातशे अकरा अशी वाचली आणि चौकशी खिडकीवर येऊन विचारलं, की आधीच्या सातशे दहा गाड्या कुठे जातात.

साडेसात मात्र रिकामी फिरत राहिली. महिन्याअखेर भारमान आठ टक्के. मी साहेबांना म्हटलं, नंबर बदलू या.

"समितीनं मंजूर केलाय. समिती आता चाचणी संपल्यावरच बसेल."

"तोपर्यंत गाडी बंद होईल, सर."

"मग नंबराचा प्रश्नच उरणार नाही," साहेब म्हणाले. गाड्या कमी, मार्ग जास्त; एक मार्ग कमी झाला तर त्यांना हवंच होतं.

एका सकाळी पाटीवरची एक दांडी कुणीतरी पुसून टाकली. साडेसातची सव्वासात झाली. वाघमोडे म्हणाला, बहुतेक उन्हानं उडाली असेल. साहेबांनी बशीरचाचांना बोलावून दांडी परत काढून घेतली, आणि वाघमोडेच्या हाताला रॉकेलचा वास का येतो, असं सर्वांसमोर विचारलं.

पुढच्या सोमवारी द्वारकाबाई आली. या वेळी साहेबांच्या दारात न बसता थेट माझ्या टेबलापाशी. डोक्यावरची टोपली खाली ठेवली. टोपलीत रुईची पानं गच्च भरलेली.

"नंबर काढणारी तूच का गं?"

"हो, मावशी."

"किती शिकलीस?"

"एम.एस्सी."

"म्हणजे किती?"

"सतरा वर्षं."

"आणि साडेसात काढलास." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "चार वर्षं मी त्या साहेबाच्या दारात मांडी घालून बसले. गाडी मिळाली, तीही शनिमहाराजांची. अगं, मी शनीच्या देवळाबाहेर रुईचे हार विकते. माझं गिऱ्हाईक माझ्यापाशी हार घेतं, अन् माझ्याच गाडीला बघून पळतं."

"तुम्ही तरी बसता ना?"

"मी एकटीच बसते! काल डायवर म्हणाला, मावशी, तुम्ही आला नसता तर मी गाडी वळवून घरीच जेवायला गेलो असतो."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"गुडघे गेले माझे," ती म्हणाली. "उतार कसाबसा उतरते. चढ काही होत नाही. गाडी बंद झाली, तर पोराकडं जाऊन राहावं लागेल. दीड खोली. त्यात पोरगा, सून, सुनेची आई आणि सुनेच्या आईचा पोपट."

"पोपटाचं काय?"

"मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, की म्हणतो, कधी जाणार? कधी जाणार?" तिनं पोपटासारखी मान वाकडी केली. "पोपट काय मनानं बोलतो? माझं वस्तीवर घर आहे. माझ्या हातानं लिंपलेलं. दारात निंब आहे. ते सोडून पोपटाचं ऐकत बसू? माझी खरी साडेसाती तिकडं बसलीय, पिंजऱ्यात."

मी तिला चहा मागवला. चहा पिताना मला वाटलं, निदान या नंबराचं नीट ज्ञान तरी घ्यावं. आमच्या घरी वडील नास्तिक होते आणि आईनं माझी पत्रिका कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली होती.

"मावशी, ही साडेसाती एका वेळी किती जणांना असते?"

"तीन राशींना. आत्ता कुंभ, मीन आणि मेष."

"बारांपैकी तीन," मी म्हटलं. माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. "म्हणजे चौथा हिस्सा. कायम?"

"कायम. एक सुटतो, दुसरा अडकतो. म्हणून तर माझा धंदा बंद पडत नाही."

शहराची वस्ती चार लाख होती. मी कागदावर एक लाख लिहिलं आणि त्याकडे बघत राहिले. एक लाख माणसं त्या गाडीला घाबरत होती. पण घाबरणारं माणूस नुसतं घाबरून थांबत नाही, त्याला काहीतरी हवंही असतं.

"या लोकांना नेमकं काय हवं असतं, मावशी?"

"काय हवं असणार? संपायला हवी असते. कधी संपते, कधी संपते, एवढंच विचारतात. संपली की पेढे वाटतात."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मावशी, खाणवस्तीच्या थांब्यावर पाटी आहे का?"

"दगड आहे एक. त्याच्यावर मी बसते."

आमच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं, की प्रत्येक मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर प्रवाशांना कळेल अशी पाटी असावी. 'मार्ग क्र. अमुक येथे संपतो' असा मजकूर सगळीकडे होता. आणि त्या सातशे अकरावाल्या पोरानंतर साहेबांनीच आदेश काढला होता, की अपूर्णांकाचे नंबर थांब्यांवर अक्षरांत लिहावेत. मी दोन्ही नियम पाळून मजकूर तयार केला आणि साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी वाचलं. कागद उलटा करून मागं बघितलं. पुन्हा वाचलं.

"मार्ग पुल्लिंगी आहे," ते म्हणाले. "संपतो पाहिजे."

"लोक गाडीला साडेसात म्हणतात, सर. गाडी स्त्रीलिंगी."

"मार्ग हा शब्द का गाळला?"

"पाटी लहान आहे, सर."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. चष्मा घसरत घसरत शेंड्यावर आला, तरी त्यांनी तो वर केला नाही.

"यात खोटं काही नाही?"

"एक अक्षरही नाही, सर. गाडी तिथंच संपते. पुढे खाण आहे."

त्यांनी सही केली. मी दारापर्यंत गेले, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. "किती वेळात संपते हो?"

"मंडईपासून बावीस मिनिटांत, सर."

"हं," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

बशीरचाचांनी मजकूर वाचला, ब्रश कानावर ठेवला आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "म्याडम, पाटी केवढी करू?"

"नियमाएवढी."

"नियमात कमीत कमी माप दिलंय. जास्तीत जास्त दिलेलं नाही."

शुक्रवारी संध्याकाळी खाणवस्तीच्या माळावर, दोन लोखंडी खांबांवर, दाराएवढी पाटी उभी राहिली. पिवळ्यावर काळ्या अक्षरांत:

साडेसात येथे संपते.

शनिवारी सकाळी मी मंडईत गेले. गाडी रिकामी उभी होती. समोरच्या शनीच्या देवळाबाहेर रांग होती आणि द्वारकाबाई हार विकत होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला हार देताना ती एवढंच सांगत होती, "आज लवकर आवरते बाबा. आमच्या वस्तीवर पाटी लावलीय सरकारनं. वाचायला येत नाही मला. साडेसात तिथं संपते, असं काहीतरी लिहिलंय म्हणे."

"कुठं लिहिलंय?"

"खाणवस्तीला. मला काय कळतंय. सरकारी आहे, एवढं खरं."

पहिल्या फेरीला सात जण चढले. दुसऱ्या फेरीला एकोणीस. वाघमोडेच्या अंगात आलं. तो पायरीवर लोंबकळत ओरडला, "चला, साडेसात संपवून देतो! बावीस मिनिटांत साडेसात खलास!"

मी धावत गेले. "वाघमोडे, असं ओरडायचं नाही. लोकांची दिशाभूल होते."

"कसली दिशाभूल, म्याडम? बावीस मिनिटांत गाडी संपते की नाही?"

"संपते."

"मग चौकशी खिडकीचंच काम करतोय मी." आणि पुन्हा, जरा खालच्या आवाजात, "चला, आतापर्यंत कुणाचीच उरलेली नाही!"

तिसऱ्या फेरीला मीही चढले. माझ्या शेजारी एक कापडदुकानदार बसले होते, मांडीवर हार. "ताई, तुम्ही ऑफिसातल्या का?"

"हो."

"खरंच संपते का हो?"

मला सतरा वर्षांच्या शिक्षणाची आठवण आली. "गाडी संपते, काका. गाडीचं मी लेखी देऊ शकते."

"लेखी तर तिथं लावलंयच," ते समाधानानं म्हणाले.

खाणवस्तीला सगळे उतरले. कुणी पाटीला हार घातला, कुणी पाटीखालून आरपार चालत गेलं. एका बाईनं खांबाला तेल लावलं. मग सगळ्यांनी मोकळे श्वास घेतले, द्वारकाबाईच्या निंबाखाली पाणी प्यायले, आणि वाघमोडे ओरडला, "चला, परत मंडई! चला!"

कुणी हललं नाही.

"अहो काका, चला की!"

कापडदुकानदारांनी त्याच्याकडे दयेनं बघितलं. "मघाशी संपलीय. आता पुन्हा सुरू कशाला करू?"

पंचेचाळीस माणसं एका ओळीत, माळावरून उताराला लागली. म्हातारेसुद्धा. तीन किलोमीटर उन्हात, टाकीपर्यंत. तिथून पुढे सात नंबर मिळायची. गाडी माझ्यासकट रिकामी परत आली.

पुढच्या दोन आठवड्यांत हा प्रकार शनिवारपुरता राहिला नाही. बुधवारी मीन राशीचं एक अख्खं भजनी मंडळ येऊन गेलं. वस्तीतली माणसंही गाडीत बसू लागली, पण तीही येताना नाही. सकाळी उताराला चालत यायची आणि संध्याकाळी चढाला गाडी धरायची. द्वारकाबाईनं मंडईतली जागा सोडली. गिऱ्हाईकच दारात उतरायला लागल्यावर तिला डोंगर उतरायचं कारण उरलं नाही. निंबाखाली खाट टाकून ती हार गुंफत बसे.

"म्हणजे तुम्हाला आता गाडी नको?" मी एकदा विचारलं.

"मला नको. गिऱ्हाइकाला नको का?" ती म्हणाली. "आणि पोरगा सुनेला घेऊन आला होता रविवारी. म्हटला, आई, येतेस का? मी म्हटलं, तूच राहा दोन दिवस. तर सून म्हणाली, कधी जाणार? अगदी पोपटासारखं." या वेळी मात्र ती खूप वेळ हसत होती.

चाचणी संपायला एक शनिवार उरला, तेव्हा साहेब मंडईत आले. छत्री, बाहेर काढलेला शर्ट, पायांत चपला. मला वाटलं, तपासणी. एका दिशेनं गच्च भरणारी आणि दुसऱ्या दिशेनं रिकामी गाडी बघितली, की साहेब ती सोमवारी बंद करतील. वाघमोडेनं त्यांना बघून टोपी सरळ केली.

"साहेब, तुम्हाला पास आहे. बसा."

"तिकीट द्या," साहेब म्हणाले.

"पण पास..."

"वाघमोडे, तिकीट द्या. पासावर..." ते थांबले, आजूबाजूला बघितलं. "पासावर लागू होईल की नाही, सांगता येत नाही."

वाघमोडेनं तिकीट फाडलं. त्याच्या चेहऱ्याची एक रेषही हलली नाही. मला मात्र खिडकीबाहेर बघावं लागलं.

खाणवस्तीला साहेब सगळ्यात शेवटी उतरले. पाटीसमोर उभे राहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि मजकूर वाचला. पाटीच्या मागे जाऊन मागची बाजूही बघितली. मग द्वारकाबाईपाशी आले.

"या साहेब," ती म्हणाली. खाटेवरून उठली नाही. "आज तुम्ही माझ्या दारात. रास कुठली?"

"मी तपासणीला आलोय."

"ते कळलं. रास?"

साहेब कुजबुजले, "मेष."

"अगंबाई! म्हणजे आत्ता कुठं सुरू झालीय." तिनं टोपलीतला सगळ्यात मोठा हार निवडून त्यांच्या हातात ठेवला. "बरं झालं, वेळेवर आलात."

वाघमोडेनं घंटा वाजवली. मी म्हटलं, "सर, परतीची गाडी सुटतेय. भारमानाचा दुसरा भागही बघायचा ना? येताना गाडी अगदी रिकामी असते. तुम्हाला ते..."

"मी चालत जातो," साहेब म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"तीन किलोमीटर आहे, सर. ऊन आहे."

"तांबटबाई," साहेबांनी छत्री उघडली, "तुम्ही गणिताच्या. जाताना आणि येताना यांची सरासरी काढायची असते की नाही?"

"नियमात सरासरीच आहे, सर."

"मग मला येतानाचं काय दाखवता?" आणि ते बाकीच्या चाळीस-पंचेचाळीस माणसांबरोबर उताराला लागले.

त्यानंतर मी तो नंबर बदलायचं नाव काढलं नाही. सव्वीस वर्षं झाली. एकेचाळीस पाट्यांपैकी एक, चाळीसची, बशीरचाचांनी निवृत्तीच्या दिवशी मला दिली. ती माझ्याकडे आहे. ते शून्य खरंच सुंदर आहे.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी परिवहन समिती बसली. अध्यक्षांनी खाणवस्तीचा विषय काढला. साहेबांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. मी तो त्यांच्यापुढे सरकवायला लागले, तसे ते म्हणाले, "देऊ नका. मोठ्यानं वाचा. या विभागात आकडे मोठ्यानं वाचायची पद्धत पाडली पाहिजे."

मी उभी राहिले आणि वाचलं.

"मार्ग साडेसात. शेवटचा पंधरवडा. जातानाचं भारमान एकशे बारा टक्के. येतानाचं नऊ टक्के. सरासरी साडेसाठ."